पेंटय्याची आई

दीपमालानं आपलं पोरगं विकलं होतं, आणि घरात ही गोष्ट कोणालाच माहीत नव्हती.

विकलं म्हणजे विकलं. पसाभर धानाला. घेणारी यमुताई, रोज सकाळी नऊला येऊन बाळ-बाळंतिणीला तेल लावणारी मालीशवाली. देणारी दीपमाला, एमएस्सी बीएड, ज्युनियर कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणारी, दरवर्षी विज्ञान दिनाला पोरांकडून 'चमत्कारामागचं विज्ञान' असं प्रदर्शन भरवून घेणारी. आता बोला! शिकल्यासवरल्या बाईनं असं करावं? बाहेर बसून निकाल देणं फार सोपं असतं बाप्पा. तिच्या जागी बसून बघा, मग बोला.

या पोराच्या आधी दोन गेली होती. पहिलं आठव्या महिन्यात, पोटातच. दुसरा मुलगा झाला, चांगला तीन किलोचा, आणि अकराव्या दिवशी गेला. बारसं एका दिवसावर आलं होतं. पाळणा सीताबर्डीहून आणून ठेवलेला, दुपट्यावर रंगीत दोऱ्यानं नाव काढून घेतलेलं. ते नाव तर सगळं घर तो पोटात असल्यापासून घेत होतं. आपणच हाका मारमारून त्याला काळाला दाखवून दिला, असं दीपमालाच्या मनानं घेतलं. दवाखान्याच्या कागदावर मात्र शेवटपर्यंत 'दीपमाला यांचं बाळ' एवढंच राहिलं. ते दुपटं तिनं कपाटात सगळ्यात खाली सरकवलं आणि ते नाव पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही.

तिसरा झाला आणि सातव्या दिवशी पिवळा पडला. डॉक्टर म्हणाले, कावीळ आहे, नव्या बाळांना होते, उद्या सकाळी दिव्याखाली ठेवू, घाबरू नका. दीपमालाला हे सगळं पाठ होतं. यकृत, बिलिरुबिन, निळा प्रकाश, आकृतीसह. पण त्या वेळी पोराचे पिवळे डोळे बघून त्यातलं काहीच तिच्या कामाला येईना. नवरा रजत औषध आणायला खाली उतरला होता. यमुताईनं तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"विकून टाक बाई याले," ती म्हणाली. "तुह्या नावावरचं वरचा नेऊन राहिला न? मंग दुसऱ्याच्या नावावर करून टाक. त्याले सापडनारच नाई."

यमुताईचं माहेर सिरोंच्याचं, पार तेलंगणाच्या काठावर. घरात तेलुगू, बाहेर मराठी. तिनं रीत सांगितली. पोराला उकिरड्यावर टाकायचं, दुसऱ्या बाईनं उचलायचं, धान द्यायचं आणि नाव ठेवायचं. आता मानेवाड्यातल्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर, उकिरडा आणायचा कुठून? गॅलरीत ओल्या कचऱ्याची हिरवी बादली होती, आत कांद्याची सालं आणि चहाचा चोथा. तिच्या झाकणावर टॉवेल घालून दीपमालानं आपलं पोर ठेवलं. यमुताईनं उचललं. पदराच्या गाठीतलं धान सोडून तिच्या हातावर ओतलं. म्हणजे बाईनं घरून निघतानाच ठरवलेलं होतं!

"पेंटय्या," यमुताई म्हणाली. "आजपासून हा पेंटय्या. माहा पोट्टा."

"म्हणजे काय?"

"आमच्यात पेंटा म्हंजे उकिरडा. उकिरड्यावरच्या पोराले कोन नेते वं? यमालेही घाण वाटते."

दुसऱ्या दिवशी बाळ दिव्याखाली गेलं आणि तीन दिवसांत गुलाबी होऊन घरी आलं. दिव्यानंच बरं झालं. दीपमालाला हे शंभर टक्के माहीत होतं, परीक्षेत कोणी विचारलं असतं तर तिनं पाचपैकी पाच मार्क मिळवले असते. पण तो सौदा मोडायची हिंमत काही तिला होईना.

आणि सौद्याला अटी होत्या. यमुताईच ती, सगळं पक्कं करून ठेवलेलं. बारशापर्यंत पोराला 'माझा' म्हणायचं नाही. बारशाच्या दिवशी, आत्यानं कानात नाव सांगायच्या आधी, चार लोकांसमोर त्याला तीनदा हाक मारायची, यमुताईनं ठेवलेल्या नावानंच. 'आमचा' म्हणायचं. पसा घेतला होता, तर ओंजळ परत करायची. मग पोरगं परत.

"आणि नाही मारली हाक तर?" दीपमालानं विचारलं होतं.

"तर काई नाई. जगते तो. मस्त जगते. पन माहा म्हनून जगते, तुहा नाई."

"यमुताई, मी एकटी असताना मारते ना हाक. देवासमोर मारते."

"चोरून घेतलेलं पोट्टं टिकत नाई बाई. चार लोकं पाहिजे."

"मग नाव तरी दुसरं दे. मराठी दे एखादं."

यमुताई हसली. "नाव काय साडी आहे का, बदलून घ्याले?"

कावीळ झाली म्हणून बारसं दीड महिन्यावर ढकललं होतं. ते चाळीस दिवस दीपमालानं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. पोर छातीशी असायचं, बोट घट्ट धरायचं, आणि हिच्या ओठांवर आलेला शब्द हिला गिळावा लागायचा. घरात ये-जा करणारी प्रत्येक बाई विचारायची, काय म्हणते तुझं बाळ? ही नुसती हसायची, चटकन गॅलरीत जायची आणि त्या हिरव्या बादलीकडे बघत उभी राहायची. रजतला सांगावं तर तो दवाखान्यातल्या समुपदेशकाचा नंबर काढून देणार. कॉलेजात कळलं तर संपलंच. बारशाला प्राचार्या प्रेमलता मॅडम येणार होत्या, सगळा स्टाफ येणार होता. त्यांच्यासमोर उभं राहून पोराला उकिरड्याच्या नावानं हाक मारायची? त्यापेक्षा धरणी पोटात घेईल तर बरं.

रजतनं नाव ठरवून ठेवलं होतं. रेयांश. मोबाइलवर शोधून, तीन ॲप पालथी घालून. मागं लावायचा बॅनरही सोनेरी अक्षरात छापायला दिला होता.

"कोन्या भाषेतलं आहे गा हे?" नत्थूजींनी विचारलं. नत्थूजी म्हणजे रजतचे वडील, वय वर्षं त्र्याहत्तर, रेल्वेतले रिटायर्ड गार्ड.

"संस्कृत आहे बाबा. सूर्याचा किरण."

"परवा तर विष्णूचा अंश म्हनत होता तू."

"ते दुसऱ्या ॲपवर."

"बरं," नत्थूजी म्हणाले आणि गप्प बसले.

त्यांचं बोलणं नेहमी असंच, अर्ध्यावर थांबणारं. बायको कौसल्या जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून ते लेकाच्या घरी होते, पण घरात असायचे ते पाहुण्यासारखे. खुर्चीच्या कडेवर बसायचे, आता कोणी उठा म्हणेल अशा बेतानं. पाण्याचा ग्लाससुद्धा विचारून घ्यायचे. या घराला ते कधी आपलं घर म्हणाले नाहीत, 'रजतचं घर' म्हणायचे. आणि कुही गावातल्या वडिलोपार्जित घराला 'भावाचं घर'. दीपमाला त्यांना मामाजी म्हणायची. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, एमएस्सी झाली म्हणून काय झालं! कुरिअरवाल्यानं नाव विचारलं तर ही दारावरच्या पाटीकडे बोट दाखवायची.

बारशाच्या दोन दिवस आधी यमुताईची शेवटची मालीश होती. पोराचे पाय पोटाशी दुमडत ती गुणगुणत होती, "माहा पेंटय्या, माहा पेंटय्या." दीपमाला बाजूला बसून ऐकत होती. दारात पेपर घेऊन उभे असलेले नत्थूजी तिला दिसलेच नाहीत. यमुताई गेल्यावर ते आत आले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले.

"ओल्या कचऱ्याच्या बादलीवर ठेवला होता का?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाले कसं..."

"पेंटय्या म्हंते ते ऐकलं न. काजीपेठले माह्यासंगं होता एक पेंटय्या, ड्रायव्हर. उकिरड्यावरून उचललेला." आणि कधी नव्हे ते नत्थूजी बोलतच राहिले. "बिलासपूरले गाडी घेऊन गेलो का तिथं घुरऊ भेटे. ते छत्तीसगढी लोकं उकिरड्याले घुरवा म्हंते. इटारसीले घूरेलाल. मद्रासचा एक कुप्पुस्वामी होता, मोठा साहेब, कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांच्यात कुप्पै म्हंजे कचरा. आन् एक बंगालीबाबू होते, तीनकौडी. तीन कवड्यांत विकत घेतलेले. आपल्या कुहीत उकंडराव तर होताच. रनिंग रूममधी, म्हंजे गार्ड-ड्रायव्हर मुक्कामाले थांबे तिथं, आमी एका टेबलावर जेवत होतो. एकाची भाषा एकाले येत नसे. पन नाव समजलं का मानूस समजे. त्याच्या मायनं त्याच्या आधी किती लेकरं पुरली, ते नावातच राहे न वं."

नत्थूजींनी उजव्या नाकपुडीवर बोट ठेवलं. तिथं एक बारीक भोक होतं, आता जवळजवळ बुजलेलं. इतकी वर्षं तिला ते देवीच्या रोगाचा व्रण वाटत होतं.

"माह्या आधी पाच गेले," ते म्हणाले. "मले उकंड्यावर टाकलं. मीराबाई कुंभारनीनं उचललं. नाकात नथ घातली, पोरगी वाटावी म्हनून. म्हनून हे नाव."

"मग परत कधी घेतलं तुम्हाले?"

नत्थूजी खिडकीबाहेर बघत राहिले. "नाई घेतलं. मी तीन वर्साचा होतो, माय गेली. बापाले बिचाऱ्याले काय ठाऊक या बायकाइच्या रीती? तिकडं मीराबाईबी गेली. शाळेत पोट्टे हसाले लागले म्हनून काकानं नथ काढली. पन हाक मारून परत घ्याचं राहूनच गेलं माहं."

"मामाजी, तुम्ही खरं मानता हे?"

"मानत नाई वं. कायले मानू? गार्डाची नोकरी केली मी, दिवा पाहून गाडी सोडे, नवस पाहून नाई." त्यांनी हातातल्या पेपरची घडी घातली. "पन सत्तर वर्सं झाले, कोनी नत्थू म्हनून हाक मारली का मले वाटते, दुसऱ्याच कोनाले मारून राहिले. कोनतंच घर माहं वाटलं नाई. कौसल्या होती तवाबी नाई."

खुर्चीच्या कडेवर टेकलेल्या त्या म्हाताऱ्याकडे दीपमाला बघत राहिली. आजवर ती या माणसाला संकोची समजत आली होती. तिनं पोराकडे बघितलं. हा असाच बसेल का, सत्तर वर्षांनी, कोणाच्या तरी घरात?

"मी काय करू, मामाजी?"

"मी कायले सांगू वं? मले समजलं असतं तर..." आणि नेहमीसारखं त्यांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. पण संध्याकाळी दीपमालाला स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्याशेजारी, एक झाकणाचा स्टीलचा डबा दिसला. आत कुहीचं धान होतं, काठोकाठ.

बारसं रविवारी सकाळी. हॉलमध्ये चाळीसेक माणसं दाटीवाटीनं बसलेली. मधोमध फुलं लावलेला पाळणा, त्याच्या मागं रजतचा बॅनर, नावावर लाल कापड टाकलेलं. पहिल्या रांगेत प्रेमलता मॅडम, हातात सरबताचा ग्लास. यमुताई स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर बसली होती, नव्या लुगड्यात, केसांत अबोलीचा गजरा. ती दीपमालाकडे बघतसुद्धा नव्हती. नत्थूजी मागं, चपलांजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर.

दीपमाला पाळण्याच्या उशाशी बसली होती आणि तिला हलायला जागा नव्हती. पुढं बायका, मागं भिंत, उजवीकडे कॅमेरेवाला. हाक मारली तर जन्माचं हसं. नाही मारली तर पोरगं मांडीवर असून परकं. आणि हे सगळं खोटं आहे, भाकड आहे, हे तिच्याइतकं त्या खोलीत कोणालाच पटलेलं नव्हतं. त्यानं काडीचा उपयोग होत नव्हता. तिनं ठरवलं, गप्प बसायचं. होऊ दे रेयांश.

बायकांनी बाळाला पाळण्याच्या खालून-वरून फिरवलं, आत निजवलं. रजतची बहीण दीप्ती, म्हणजे बाळाची आत्या, पाळण्यावर वाकली. तिच्या पाठीत धपाटे घालायला बायका हात उगारून तयार. हसणं, खिदळणं, कॅमेऱ्याचा दिवा. दीप्तीचं तोंड बाळाच्या कानाशी गेलं.

"थांब!"

आपलाच आवाज दीपमालाला ओळखू आला नाही. दीप्ती दचकून सरळ झाली.

"काय झालं?" रजत म्हणाला.

दीपमाला उठली. बायकांच्या मांड्यांवरून, पर्सवरून पाय टाकत स्वयंपाकघरात गेली आणि तो स्टीलचा डबा घेऊन आली. यमुताईनं पदर पसरला. दीपमालानं ओंजळभर धान त्यात ओतलं. काही दाणे फरशीवर सांडले, टपटप वाजले, इतकं घर शांत झालं होतं. मग ती पाळण्याकडे वळली.

"पेंटय्या," ती म्हणाली. पहिल्यांदा तर नुसती हवाच निघाली.

"पेंटय्या."

कोणीतरी फिसकन हसलं. प्रेमलता मॅडमचा ग्लास ओठांशी जाऊन थांबला.

"पेंटय्या. आमचा."

"काय करून राहिली तू?" रजत दात आवळून म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "सगळे पाहून राहिले, दीपा."

"पाहू दे. पाहायलाच पाहिजेत," दीपमाला म्हणाली. मग तिचा बांध फुटला. "मी विकलं होतं याला. त्या गॅलरीतल्या कचऱ्याच्या बादलीवर ठेवून. घाबरले होते मी! दोन गेले माझे, कोणी विचारलं का मला, भीती वाटते का म्हणून? सगळे नावच शोधत बसले. मॅडम, मला माहीत आहे तो कशानं बरा झाला. मीच शिकवते ते. पण चाळीस दिवस मी माझ्या पोराला माझा म्हटलं नाही."

मॅडमनी ग्लास खाली ठेवला आणि त्या चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्या.

यमुताई उठली, पाळण्यातलं पोर उचललं आणि दीपमालाच्या हातात दिलं. "घे. तुहा तो तुले दिला."

"माझा," दीपमाला म्हणाली. ती ढसाढसा रडली, पोरगंही रडलं, मायलेकांनी मिळून घर डोक्यावर घेतलं. मग नाक पुसत तिनं दीप्तीला म्हटलं, "हं, आता सांग त्याच्या कानात. रेयांश सांग, काही सांग. आता काहीही चालते."

दीप्तीनं बिचारीनं कुर्र केलं, नाव सांगितलं, बायकांनी आत्याच्या पाठीत बेतानं धपाटे घातले. लाल कापड खाली आलं. टाळ्या झाल्या, जरा पातळ झाल्या. रजत भिंतीला टेकून उभा होता. बायकोकडे बघवत नव्हतं आणि नजर काढवतही नव्हती, अशी त्याची गत झाली होती.

लोक पेढ्यांकडे वळणार, तेवढ्यात दीपमालाची नजर माणसांच्या डोक्यांवरून मागं गेली. चपलांजवळ, खुर्चीच्या कडेवर, नत्थूजी बसले होते. त्यांचं बोट उजव्या नाकपुडीवर होतं.

तिनं पोर दीप्तीकडे दिलं. डब्यात अजून धान होतं. तिनं पुन्हा ओंजळ भरली.

"यमुताई, आणखी एक पोट्टं आहे."

"कोनाचं वं?"

"कुहीच्या मीराबाई कुंभारणीनं घेतलेलं. ती आता नाही. तिच्या नावानं तू घे हे."

यमुताईनं दीपमालाच्या नजरेच्या रोखानं बघितलं. म्हाताऱ्याचं नाक बघितलं. आणि काही न विचारता तिनं पदर पुन्हा पसरला. धान पडलं.

आता हाक. दीपमाला मागं वळली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, ते नाव तिच्या जिभेवर एकदाही आलेलं नव्हतं.

"नत्थू," ती म्हणाली.

"अगं बाई, सासऱ्याचं नाव!" पहिल्या रांगेतली एक म्हातारी ओरडली. "येड लागलं का हिले?"

"नत्थू."

रजतनं झटकन वडिलांकडे बघितलं. नत्थूजी उभे राहिले होते.

"नत्थू," दीपमालानं तिसऱ्यांदा हाक मारली, मोठ्यानं, दूर खेळायला गेलेल्या पोराला मारतात तशी. "आमचा."

त्र्याहत्तर वर्षांच्या त्या म्हाताऱ्याचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"ओ," नत्थूजी म्हणाले. "आलो वं माय."